विकत घेतलेलं चित्र नेमकं कुणाचं?

काळ्या कापडावर पांढऱ्या, डोंगररांगांसारख्या रेषा असलेला टी-शर्ट तुम्ही कुणाच्या तरी अंगावर पाहिला असेल. हे 'जॉय डिव्हिजन' या ब्रिटिश बँडच्या १९७९ च्या 'अननोन प्लेझर्स' या अल्बमचं मुखपृष्ठ. मूळचा मात्र तो एक आलेख आहे, हॅरॉल्ड क्राफ्ट यांच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या १९७० च्या पीएचडी प्रबंधातला. सीपी १९१९ हा पल्सार साधारण १.३४ सेकंदाला एक रेडिओ स्पंद पाठवतो. असे लागोपाठचे ८० स्पंद एकाखाली एक मांडले की ही डोंगररांग दिसते.

प्रबंधातून आलेख खगोलशास्त्राच्या एका विश्वकोशात गेला आणि तिथून मुखपृष्ठावर. क्राफ्टना कुणी विचारलं नाही. त्यांना कळलं ते नंतर, एका सहकाऱ्याने सांगितल्यावर.

"आता तसं होत नाही, आता आपण चित्र रीतसर विकत घेतो," असं तुम्ही म्हणाल. माझा आक्षेप या 'रीतसर'वरच आहे.

स्टॉक साइटवर पैसे भरले तरी चित्र आपलं होत नाही, ते वापरायची परवानगी मिळते. शटरस्टॉक किंवा ॲडोबी स्टॉकच्या साध्या परवान्यात छापील प्रतींची मर्यादा ५ लाख आहे. हजार प्रती छापणाऱ्या मराठी प्रकाशकाला ती कधीच आडवी येत नाही, म्हणून पुढचं कुणी वाचत नाही. पण तेच चित्र विकायच्या टी-शर्टवर किंवा मगवर छापायचं तर वेगळा, महाग परवाना लागतो. यामागचा तर्क असा: पुस्तक लोक मजकुरासाठी घेतात, टी-शर्ट चित्रासाठी.

तर्क सोपा आहे, पण मुखपृष्ठाला तो नीट लागू पडत नाही. 'अननोन प्लेझर्स'च्या दर्शनी बाजूवर ना बँडचं नाव होतं, ना अल्बमचं. चित्र हीच ओळख होती. परवाना मात्र मुखपृष्ठाला वेष्टन समजतो. शिवाय तो सहसा एकट्या तुमच्यासाठी नसतो. तुमच्या कादंबरीवरचा चेहरा उद्या दुसऱ्याच्या कवितासंग्रहावर दिसला, तर तक्रार करायला जागा नाही.

आणि चेहरा असेल तर प्रश्न आणखी वाढतो. 'व्हॅम्पायर वीकेंड'च्या २०१० च्या 'काँट्रा' अल्बमवर एका तरुणीचा जुना पोलरॉइड फोटो होता. बँडने तो छायाचित्रकाराकडून परवाना घेऊन वापरला होता. तरीही फोटोतल्या बाईंनी त्याच वर्षी दावा लावला: संमतीपत्रावरची सही माझी नाही. २०११ मध्ये बँडशी तडजोड झाली. म्हणजे बघा, फोटोचा हक्क एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा. पावती मात्र एकच.

मग थेट चित्रकाराकडूनच घ्यावं का? जरूर घ्या, पण करार लेखी करा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. नुसत्या परवान्यालाही हेच लागू होतं. सहाव्या वर्षी दुसरी आवृत्ती काढताना किंवा ई-पुस्तक परदेशातल्या वाचकांना विकताना ही गाळलेली ओळ महागात पडू शकते.

प्रती मोजणं सोपं असतं, म्हणून नियम प्रती मोजतात. चित्र कुणी काढलं, त्यात कोण दिसतंय, ते पुस्तकाच्या बाहेर किती दूर जाणार, हे आपल्यालाच विचारावं लागतं. व्यावसायिक वापरात चित्रकाराचं नाव छापायची सक्ती बहुतेकदा नसते. तरी छापा. एका ओळीची जागा लागते, आणि चित्र कुणाचं हे वाचकाला शोधत बसावं लागत नाही.