मिसळावे, मळू नये

ओव्हन घरी आला तेव्हा मला भाजता येत होतं ते वांगं आणि शेंगदाणे. सोबतच्या पुस्तिकेत केकच्या चकचकीत फोटोंखाली ग्रॅम आणि अंश ओळीने मांडलेले होते. ती मिटून ठेवली आणि मावशीची वही काढली. १९८३ सालची डायरी आहे ती. दुधाच्या हिशेबाखाली निळ्या शाईत ‘नानकटाई’, आणि त्याखाली जेमतेम सात ओळी. गेल्या वर्षभरात त्या सात ओळी मी जितक्या बारकाईने वाचल्या, तितकी एखादी कविताही वाचलेली नाही.

पहिली ओळ अशी : एक वाटी घट्ट तूप, एक वाटी पिठीसाखर. ‘घट्ट’ हे मला साधं विशेषण वाटलं. ती अट होती. मोजायला सोपं म्हणून मी तूप पातळ करून घेतलं. वीस मिनिटांनी ट्रेमध्ये सगळे गोळे एकमेकांत मिसळून एकच तुपकट थालीपीठ झालं होतं.

तूप घट्टच का, याचं उत्तर दुसऱ्या ओळीत दडलेलं आहे : हाताने एकाच दिशेने फेसावे, पांढरे होईपर्यंत. थेंब पाण्यात टाकावा, तरंगला म्हणजे झाले. आता तूप तर पाण्यावर तरंगतंच, मग यात परीक्षा कसली? परीक्षा साखरेमुळे आहे. वाटीला वाटी साखर मिसळली की तूप जड होतं आणि थेंब तळाशी जातो. फेसता फेसता त्यात पुरेशी हवा कोंडली गेली, तरच तो वर येतो. पातळ तुपात ही हवा टिकत नाही. पुढे सोड्याचा वायू याच बारीक बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतो. हे सगळं मावशीने एका थेंबात बसवलं आहे. ‘एकाच दिशेने’चं कारण मात्र मला सापडलेलं नाही. मी हात दुखला की दिशा बदलतो. काही बिघडत नाही.

तिसरी ओळ यादीची. दोन वाट्या मैदा, मूठभर बेसन, दोन चमचे बारीक रवा, पाव चमचा सोडा (‘सपाट’), चिमूटभर मीठ, वेलची, जायफळ. बेसनाने खमंगपणा येतो, रव्याने दाताखाली कण लागतो. ‘सपाट’ हा शब्द ज्याने सोड्याची साबणासारखी चव एकदा चाखली आहे, त्यालाच कळेल.

आणि मग चौथी ओळ, खाली दोन रेघा मारलेली : मिसळावे, मळू नये.

मराठी घरात पिठाला हात लावायचा म्हणजे मळायचं. कणीक जितकी तिंबावी तितकी पोळी मऊ, हे सांगावं लागत नाही, मनगटालाच ठाऊक असतं. पिठात पाणी पडलं आणि ते मळलं की त्यातली प्रथिनं जोडली जाऊन चिवट जाळं होतं. पोळी फाटत नाही ती त्याच्या जोरावर. नानकटाईला हे जाळं नकोच आहे. तुपात पाणी जवळजवळ नसतं, आणि तूप मैद्याच्या कणाकणाला वेढून घेतं. म्हणून तर ती तोंडात भुगा होते. पण हाताला हे कोण सांगणार? माझ्या दुसऱ्या घाण्यात मी सवयीने दहा मिनिटं गोळा मळत बसलो, वर तो कोरडा वाटतो म्हणून दुधाचा हबकाही मारला. झाली ती नानकटाई नव्हे, कागद दाबायचे दगड. मावशीने रेघा दोन का मारल्या ते तेव्हा समजलं. बहुधा तिचाही एक घाणा असाच गेला असावा.

पाचवी ओळ सोपी : लहान लिंबाएवढे गोळे, जरा दाबून, लांब लांब.

सहावी मला सर्वांत आवडते. घरभर वास सुटला की मग बघावे. कड रंगली की काढावे, मऊ लागली तरी. मावशीकडे ओव्हन नव्हता. जाड पातेल्यात तळाशी वाळू, वर तिवई, त्यावर ताटली. अंश कुठून लिहिणार? मी १६० अंशांवर अठरा मिनिटं ठेवतो, पण खरं घड्याळ तो वासच आहे. आतली ओल कमी होऊन रंग चढू लागल्याशिवाय तो खरपूसपणा येत नाही. वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतला भाग त्यानंतरही फुगत राहतो आणि पापुद्र्याला भेगा पडतात. त्या भेगा म्हणजे नानकटाईचा चेहरा. मे महिन्यात आम्ही रवा, मैदा, साखर, तूप घेऊन गल्लीतल्या बेकरीत रांग लावायचो आणि संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून नानकटाई आणायचो. तिच्यावरच्या भेगा माझ्या नानकटाईपेक्षा देखण्या असत, हे मान्य. चव माझीच बरी आहे.

‘मऊ लागली तरी’ हे तीन शब्द नवशिक्याला वाचवतात. गरम नानकटाई कच्चीच वाटते. ती कच्ची नसते, तिच्यातलं तूप वितळलेलं असतं. ते गोठलं की ती खुसखुशीत होते. शेवटची ओळ म्हणूनच आहे : गार होईपर्यंत हात लावू नये.

किती होतील, हे मावशीने लिहिलेलं नाही. माझ्या वाटीने २८ होतात. गार होईपर्यंत २५ उरतात.