बरक्याची बाजू

कापा फणस आवडतो म्हटलं, तर कोणी कारण विचारत नाही. कुरकुरीत, गोड, सुटे गरे. मुंबईत हातगाडीवरही मिळतात. बरका खाणाऱ्याला मात्र आपली बाजू मांडावी लागते, कारण समोरच्याने आधीच नाक मुरडलेलं असतं.

बरका नीट पिकला की त्याला कोयता लागत नाही. वास माजघरापर्यंत पोचलेला असतो. देठाशी अंगठे रोवायचे आणि फणस दोन्ही हातांनी उकलायचा. हाताला आधी खोबरेल फासावं. चीक पाण्याला दाद देत नाही. आत मधल्या पावेभोवती गरे. एकेक गरा म्हणजे एकेका फुलाचं फळ, आणि जी फुलं फळली नाहीत त्यांच्या पाती मध्ये दाटलेल्या.

हा गरा चावायचा नसतो. तोंडात घेतला की जिभेच्या दाबानेच आठळी सुटते आणि गर आपण होऊन घशाकडे निघतो. इथेच माणसांचे दोन पक्ष पडतात. बुळबुळीत आहे, हा आरोप शंभर टक्के खरा. पण आम्हाला हवं असतं ते तेच. दातांना काही कामच नाही, त्यामुळे सगळी चव जीभ आणि नाक यांच्या वाट्याला येते. कापा जिभेवर इतका वेळ रेंगाळत नाही. (कापेवाले हे मान्य करणार नाहीत. नकोत करू.)

त्यात झाडागणिक चव निराळी. आठळीतून आलेलं रोप आईच्याच चवीचं निघेल याचा भरवसा नसतो. म्हणून कोकणातल्या घरांत फणस जागेवरून ओळखतात: विहिरीकडचा मधाळ, गोठ्यामागचा पाणचट, तो रसालाच घ्यायचा. रस तांदळाच्या कण्यांत मिसळून वाफवला की सांदणं, उन्हात वाळवला की फणसपोळी. दोन्हींना बरकाच हवा.

गोव्यात याला रसाळ म्हणतात. पण तिथे काय, इथे काय, पिकलेला बरका लांब पाठवता येत नाही, म्हणून नव्या लागवडीत कापाच निवडला जातो. तुमच्या आवारात चांगला बरका असेल, तर लाकडासाठी झाड तोडण्याआधी त्याची कलमं करून घ्या. आठळी पेरून तीच चव परत मिळेल, या भरवशावर राहू नका.