पाच बटणं आणि बेंजो

‘गिटार हीरो’ हा व्हिडिओ गेम २००५ साली अमेरिकेत आला, तेव्हापासून त्याच्यावर एक आक्षेप पुन्हा पुन्हा घेतला जातो : प्लॅस्टिकच्या गिटारवर बटणं दाबणं म्हणजे वाद्य वाजवणं नव्हे. मराठी माणसाने हा आक्षेप जरा जपून घ्यावा. मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत आपण ज्याला बेंजो म्हणतो, त्यालाही बटणंच असतात.

बेंजोचं पुस्तकी नाव बुलबुलतरंग, आणि त्याचा पूर्वज जपानी. नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली ‘ताइशोगोतो’ हे वाद्य बनवलं. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. तेच भारतात येऊन बुलबुलतरंग झालं आणि महाराष्ट्रात, अमेरिकन बँजोशी काही नातं नसताना, बेंजो. गिटार हीरोची गिटार हातांच्या याच वाटणीवर उभी आहे. डावीकडे हिरवं, लाल, पिवळं, निळं, नारिंगी अशी पाच बटणं. उजवीकडे तारांऐवजी वरखाली हलणारी एक पट्टी. या जातीचा खेळही आधी जपानमध्येच झाला. कोनामी कंपनीचा ‘गिटारफ्रीक्स’ १९९९चा. तेव्हा बटण हा काही गुन्हा नाही. बटण दाबल्यावर काय वाजतं, एवढाच प्रश्न आहे.

खेळात पडद्यावर एक रस्ता आपल्याकडे सरकत येतो, त्यावर रंगीत ठिपके. ठिपका तळाच्या रेघेवर आला की त्या रंगाचं बटण दाबून पट्टी हलवायची. गाणं आधीच ध्वनिमुद्रित असतं, पण त्यातला गिटारचा आवाज वेगळा ठेवलेला असतो. आपण बरोबर असलो की तो चालू राहतो. चुकलो की बंद पडतो, वर एक ‘खट्ट’. फार चुकलो तर गाणंच थांबतं आणि पडद्यावरचे प्रेक्षक हुर्यो उडवतात. शिवाय हिरव्या बटणाला स्वतःचा स्वर नाही. तेच बटण एका ओळीत षड्ज, पुढच्या ओळीत पंचम. भातखंड्यांच्या स्वरलिपीत गंधार हा गंधारच असतो. गाणाऱ्याचा चुकला तरी तो कुठे होता हे कागद सांगतो. खेळातला रंग ‘आत्ता’ आणि ‘या बोटाने’ यापलीकडे काही सांगत नाही.

किरी मिलर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी या खेळांवर गंभीर काम केलं आहे. त्यांचं ‘प्लेइंग अलाँग’ हे पुस्तक २०१२चं. ध्वनिमुद्रणाने आवाज आणि वाजवणारं शरीर यांची ताटातूट केली आणि हे खेळ ती दोन्ही पुन्हा एकत्र शिवतात, असं त्यांचं म्हणणं. ते मला अर्धंच पटतं. शिवण आहे, पण ती फक्त बरोबर आलेल्या स्वराला. चुकीचा स्वर उसवलेलाच राहतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. भोकरदन तालुक्यात, हसनाबादच्या आमच्या घरी, भाच्याने पुण्याहून एक जुना प्लेस्टेशन २ आणि ही गिटार आणली होती. गल्लीतले एक बेंजोवादक, ज्यांना सगळी पोरं मामा म्हणतात, बघायला येऊन बसले. लावलं होतं डीप पर्पलचं ‘स्मोक ऑन द वॉटर’. मामांनी ते जन्मात ऐकलेलं नव्हतं, पण हात लयीत होता. अडचण वेगळीच निघाली. दोन स्वरांमधली जागा रिकामी सोडायची त्यांना सवय नाही; तिथे एखादी जादा छेड आपसूक जाते. वरातीत त्याच छेडीला दाद मिळते. खेळाच्या हिशेबात ती चूक, आणि सलग बरोबर आलेल्या स्वरांची मोजणी पुन्हा शून्यावर. गाणं दोनदा अर्ध्यातच थांबलं.

“आरं, चुकलो तं चुकलेलं ऐकू तं येऊ दे,” मामा म्हणाले आणि घरून बेंजो घेऊन आले. सुरुवातीचे चार सूर शोधताना त्यांचा एक स्वर चढा लागला. तो चढा आहे हे सगळ्या खोलीने ऐकलं. त्यांनी बोट एक बटण मागे घेतलं. पाचेक मिनिटांत ती धून बसली. भाच्याला मात्र, खेळात तेच गाणं बिनचूक पार करूनही, बेंजोवर पहिला स्वर सापडेना. त्याने बेंजोला कधी हात लावला नव्हता हे खरं. पण चाल तर शंभरदा ‘वाजवली’ होती.

चुकलेला स्वर ही माहिती असते : किती चुकलो, कोणत्या बाजूला चुकलो. गिटार हीरो ही माहिती पुसून तिच्या जागी शिक्षा ठेवतो. बेंजो शाळेत शिकवत नाहीत. नवखा पथकात मागे राहून, चुकत, ताशा-ढोलाच्या गदारोळात आपली चूक झाकत शिकतो. डीजेने मिरवणुका घेतल्यापासून अशा चुकण्याच्या जागाच कमी होत चालल्या आहेत, म्हणून मला हा मुद्दा नुसत्या खेळापुरता वाटत नाही.

खेळाला एक श्रेय मात्र द्यायलाच हवं. गिटार मध्येच गप्प होते, तेव्हा ती गाण्यात काय करत होती हे पहिल्यांदा कळतं. भाचा आता कुठल्याही गाण्यात गिटार वेगळी काढून ऐकतो. नुसतं ऐकून हा कान क्वचितच तयार होतो. २००७ सालच्या ‘रॉक बँड’ने ड्रम आणि गाणं जोडलं, आणि बाद झालेल्या साथीदाराला इतरांनी चांगलं वाजवून परत आणायची सोयही केली. कीर्तनात मागे उभ्या टाळकऱ्यांपैकी एकाचा ठोका हुकला तर बाकीचे त्याला असंच सावरतात. त्या खेळाचे ड्रमही बरेचसे खऱ्यासारखे वाजवावे लागतात, त्यामुळे तिथला हात बाहेर कामाला येतो. गिटारचं तसं झालं नाही.

२०११च्या सुरुवातीला ॲक्टिव्हिजनने गिटार हीरोचा विभाग बंद केला. त्याच वर्षी युबीसॉफ्टचा ‘रॉकस्मिथ’ आला. त्यात प्लॅस्टिकची गिटार नाही. खरी इलेक्ट्रिक गिटार तारेने यंत्राला जोडायची. चुकीच्या पडद्यावर बोट पडलं तर तोच चुकीचा स्वर टीव्हीतून बाहेर येतो, आणि गाणं पुढे चालू राहतं.