काळा घोडा : उत्सव आणि यजमान

प्रवेशमूल्य नसले की उत्सव सार्वजनिक ठरतो, असे गृहीत धरल्यास त्याची चिकित्सा तेथेच थांबते. मुंबईतील काळा घोडा कला महोत्सवाचा प्रारंभ १९९९ मध्ये झाला. कलादालनांच्या भिंतींआडची कला त्याने रस्त्यावर आणली, तीही विनामूल्य. हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि, रस्ता मोकळा झाला म्हणून प्रेक्षकाचे रूपांतर सहभागी घटकात होतेच असे नाही.

याच शहरात, गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. चाळीच्या उत्सवात वर्गणी देणारा, मखर बांधणारा आणि कार्यक्रम पाहणारा बहुधा एकच असतो. पुढे अनेक मंडळांत प्रायोजकांनी हे नाते विरळ केले. तरी त्याचा आदर्श पुसला गेलेला नाही. काळा घोडा परिसर मुख्यतः कचेऱ्या, कलादालने व संग्रहालये यांचा. तेथे जमणारा समुदाय बव्हंशी पाहुण्यांचाच राहतो.

परिसराला नाव देणारा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलविण्यात आला. २०१७ मध्ये तेथे स्वार नसलेला घोडा उभा राहिला. वासाहतिक सत्तेचे चिन्ह पुन्हा आणले नाही, हे योग्यच. मात्र सत्ताधीशाची जागा रिकामी झाल्याने तिच्यावर नागरिकांचा अधिकार आपोआप प्रस्थापित होत नाही. म्हणूनच महोत्सवाचे मूल्यमापन गर्दीवरून नव्हे, तर त्याने किती नागरिकांना यजमानपण दिले, यावरून व्हावयास हवे.