मेरीची जास्वंद

'द सीक्रेट गार्डन' वाचलेल्या कोणालाही विचारा, काय लक्षात राहिलं? वेलींआड लपलेलं दार, मातीत पुरलेली किल्ली, चाकाच्या खुर्चीतून उठून उभा राहणारा कॉलिन. पहिल्या प्रकरणातली जास्वंद क्वचितच कोणी सांगेल.

प्रसंग छोटासा आहे. भारतातला एक साहेबी बंगला, अंगाची लाही करणारा उन्हाळा, नऊ वर्षांची मेरी लेनक्स. सगळं हातात आणून देणारी आया आज आलेली नाही. चिडलेली मेरी झाडाखाली मातीचे छोटे ढीग करते, त्यांत लाल जास्वंदी खोचते आणि हा आपला वाफा आहे असं मानते. तोंडाने आयाला शिव्या चालूच. तिकडे आयाला कॉलरा झालाय. त्याच दिवशी ती जाते. मग मेरीचे आईवडीलही जातात आणि तिची रवानगी यॉर्कशरला, आत्याच्या यजमानांकडे होते. आत्या कधीच वारलेली. ती कुलूपबंद बाग त्या आत्याची.

खोचलेलं फूल रुजत नाही हे मेरीला कोणी सांगितलेलं नाही. अशा बंगल्यात माळी असणारच, पण लेखिका फ्रान्सिस हॉजसन बर्नेट तो आपल्याला दाखवत नाहीत. इंग्लंडमध्ये मात्र बेन वेदरस्टाफ हा तुसडा म्हातारा माळी आणि डिकन हा बारा वर्षांचा मुलगा तिच्याशी बोलतात. ती खुरपायला लागते आणि सुधारते. भूक लागते, गाल भरतात, पिवळा चेहरा गुलाबी होतो. भारताची हवा माणसाला रोगट करते आणि इंग्लंडची बरं करते, हे पुस्तक इतक्यांदा सांगतं की शेवटी हसू येतं. जिथे पावसाळ्यात कौलांवरही गवत उगवतं, तिथल्या मुलीला रोप कसं रुजतं ते कळायला यॉर्कशर गाठावं लागतं!

पुस्तक १९११चं. चेल्सीचं प्रसिद्ध फुलांचं प्रदर्शन तिथे १९१३ पासून भरतं, बीबीसीवर 'गार्डनर्स वर्ल्ड' १९६८ पासून चालू आहे. माती उकरली की माणूस ताळ्यावर येतो, ही ब्रिटिश श्रद्धा इतक्या गोडपणे मांडणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. आणि ती श्रद्धा खोटी आहे असंही मला वाटत नाही. मेरी पहिल्यांदा कोवळ्या कोंबांभोवतीचं गवत उपटते, ते पान आजही तितकंच ताजं वाटतं.

पण ही माती फुकट नाही, हे बर्नेटबाईंना नीट ठाऊक होतं. हिशोब पुस्तकातच आहे. मेरीला आठवड्याला एक शिलिंग हातखर्च मिळतो. फावडं, दाताळं आणि काटा असा लहान संच दोन शिलिंगांना. मोलकरीण मार्था सांगते की तिच्या घराचं भाडं एक शिलिंग तीन पेन्स आहे आणि तेवढं जमवतानाही जीव मेटाकुटीला येतो. वडिलांची मजुरी आठवड्याला सोळा शिलिंग, मुलं बारा. डिकन हा त्यातलाच. त्याचीही बाग आहे, झोपडीभोवती, दगडी गडग्याच्या आत. तिथे तो भल्या पहाटे आणि तिन्हीसांजेला बटाटे, कोबी लावतो, आईला मदत म्हणून. मधल्या वेळात श्रीमंत मुलांच्या बागेत जादू करायला हजर! दोन बागांमधला हा फरक लेखिकेने एका प्रकरणात टिपलाय आणि तिथेच सोडून दिलाय. मला वाटतं, खरी कादंबरी तिथे होती.

आता सगळ्यात विलक्षण जागा. कॉलिनला झोप येत नाही. मेरी त्याचा हात थोपटते आणि हळू आवाजात हिंदुस्तानीत एक गाणं म्हणते. आयाचं गाणं. तो झोपतो. म्हणजे ज्या बाईचं नाव पुस्तकात जेमतेम येतं, तिचीच अंगाई इंग्लिश मुलाला पहिल्यांदा शांत करते, बागेत पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी. पुढे 'मॅजिक'साठी मुलं गोल करून बसतात, तेव्हाही मेरीला भारतातले फकीर आठवतात. भारत रोगट, हे सांगणाऱ्या पुस्तकातली औषधं भारतातून आलेली आहेत. लेखिकेच्या हे लक्षात आलं असेल असं वाटत नाही, आणि म्हणूनच ते जास्त खरं वाटतं. (ब्रिटिश बागांचंही असंच. आपल्या तेरड्याचा हिमालयातला भाऊबंद त्यांनी १८३९ मध्ये हौसेने नेला. आता नदीकाठी माजला म्हणून स्वयंसेवक तो उपटत असतात.)

सिनेमावाल्यांना हा भारत अवघडच गेलाय. १९९३च्या चित्रपटात कॉलऱ्याऐवजी भूकंप येतो. २०२०च्या चित्रपटात गोष्ट थेट १९४७ च्या फाळणीपाशी नेलीय. देखावा मोठा झाला, आया तेवढीच राहिली.

आणि मेरी? गोष्ट तिने सुरू केली, किल्ली तिला सापडली, दार तिने उघडलं. पण पुस्तकाच्या उत्तरार्धात कॉलिन बोलत सुटतो आणि ती मागे मागे सरकते. शेवटच्या पानावर वाड्याचा मालक हिरवळीवरून येतोय, शेजारी त्याचा मुलगा ताठ चालतोय, खिडकीतून नोकरचाकर थक्क होऊन बघतायत. मेरी त्या चित्रात नाही.