शंभर फ्रँकांचे पाणी

फ्रेंच गणिती ओग्युस्तँ कूर्नो याने १८३८ साली संपत्तीच्या सिद्धान्तावर जे पुस्तक लिहिले, त्यात औषधी पाण्याचा एक झरा आहे. तसे गुण दुसऱ्या कुठल्याच झऱ्याला नाहीत. मालकाने लिटरला शंभर फ्रँक मागितले तरी त्याला अडवणारे कोणी नाही. पण गिऱ्हाईकच फिरकेनासे झालेले पाहून तो किंमत हळूहळू उतरवत आणतो, आणि मागणी हे किमतीचे फलन असल्याचे आपल्याला न सांगताच उमगते. मग कूर्नो अलगद दुसरा माणूस पुढे करतो. औषधी पाणी कृत्रिम रीतीने बनवण्याची कृती या एकट्यालाच ठाऊक आहे. मात्र झरा आपसूक वाहतो आणि याला लिटरागणिक खर्च येतो. या प्रवेशाने सारे गणितच रसरशीत होते.

आकडे आपण आपल्या पसंतीचे घेऊ. क ही किंमत, म ही मागणी: म = १००० − १०क. शंभर फ्रँकला मागणी शून्य, कूर्नोच्या झऱ्याला साजेशीच. या कृतिकाराचा खर्च ख = २०म + ५०००; लिटरमागे वीस, आणि जागा, भांडी, दिवाबत्ती यांचे पाच हजार, जे एक थेंबही न विकता द्यावेच लागतात. आता म च्या जागी मागणीचे फलन ठेवून कंस सोडवला, की उरते ख = २५००० − २००क.

इथे घाई करू नये. ज्या खर्चाला आपण कारखान्याच्या चार भिंतींआडची बाब समजत होतो, तो किमतीच्या, म्हणजे पर्यायाने गिऱ्हाइकाच्या मनाच्या अधीन निघाला! किंमत एका फ्रँकने चढली की दहा लिटर कमी खपतात, आणि खर्च दोनशेने उतरतो. त्या उणे चिन्हात केवढी माणसे पाठ फिरवून चालली आहेत. पाच हजार मात्र पंचवीस हजारांत विरघळून दिसेनासे झाले. क ला शंभर करून पाहा: मागणी मावळते, दोनशे गुणिले शंभर वजा होतात, आणि ते पाच हजार जसेच्या तसे वर येतात.

आता विक्रीतून, म्हणजे १०००क − १०क² मधून, हा खर्च वजा केला की नफा −१०क² + १२००क − २५००० असा मांडला जातो, आणि त्याचे शिखर क = ६० वर सापडते. ज्याला कसलाच खर्च नाही त्या झऱ्याच्या मालकाचे शिखर, म्हणजे नुसत्या १०००क − १०क² चे, पन्नासावर असते. लिटरमागे वीस फ्रँकांचा भार पडूनही किंमत दहानेच वाढली. उरलेले दहा कृतिकाराने प्रत्येक लिटरमागे आपल्याच अंगावर घेतले. पाच हजारांनी नफा सोळा हजारांवरून अकरा हजारांवर आणला खरा, पण किमतीला त्यांनी तसूभरही हलवले नाही.