ड्राऊट म्हणजे दुष्काळच का?

सिनॉप्सिसचा मोसम आला की आपल्या भागात एक शीर्षक हमखास दिसतं: 'मराठवाड्यातील दुष्काळाचा चिकित्सक अभ्यास'. जिल्हा बदलतो, तालुका बदलतो, कालखंड बदलतो. इंग्रजी शीर्षकात 'ड्राऊट' असतं. आत पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात कुठं 'फॅमिन', कुठं 'स्कार्सिटी', आणि तोच शब्द सारखा नको म्हणून मधूनमधून टंचाई, अवर्षण, अनावृष्टी. शाळेतल्या निबंधात यानं गुण वाढायचे. प्रबंधात यानं अभ्यासविषयच हातातून निसटतो. कारण महाराष्ट्रात हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. प्रत्येकामागं वेगळं खातं, वेगळा निकष आणि वेगळा पैसा आहे.

आधी इंग्रजी शब्दच बघू. 'ड्राऊट' आणि 'ड्राय' हे एकाच मुळातले, म्हणजे त्याच्या पोटात फक्त कोरडेपणा आहे. 'फॅमिन' लॅटिनमधल्या भुकेच्या शब्दावरून आला. पाऊस कमी पडला तर ड्राऊट, माणसं उपाशी राहिली तर फॅमिन. एकामुळं दुसरं होईलच असं नाही. मराठीत आपण दोन्हीला दुष्काळ म्हणतो. म्हणून १८७६-७८ च्या फॅमिनवरचं पुस्तक आणि २०१८ च्या ड्राऊटवरचा अहवाल सिनॉप्सिसमध्ये एकाच परिच्छेदात शेजारी येतात. लिहिणाऱ्याला वाटतं, विषय एकच. पहिल्यात लाखो माणसं मेली. दुसऱ्याचा बराचसा भाग वीजबिलाची सूट, कर्जवसुली आणि टँकर यांबद्दल असतो.

शास्त्रातही ड्राऊट एक नाही. पाऊस सरासरीपेक्षा कमी झाला तर तो हवामानशास्त्रीय, धरण-विहिरी-बोअर आटले तर जलशास्त्रीय, पिकाच्या मुळाशी ओल उरली नाही तर कृषी दुष्काळ. तिन्ही एकदम येतातच असं नाही. पाऊस बरा झाला तरी उपसा जास्त असेल तर बोअर आटतो. उलट, एकूण पाऊस सरासरीइतका होऊनही ऑगस्टमध्ये तीन आठवडे ओढ बसली तर सोयाबीन जातं. लातूरवरच्या प्रबंधात पर्जन्यमानाचे तक्ते द्यायचे आणि निष्कर्ष बोअर आटल्याचा काढायचा, हे म्हणून चालत नाही. वर्ष तेच असलं तरी मोजलेली गोष्ट वेगळी आहे.

आता सरकारी शब्दांकडं. इथं मजा आहे, आणि इथंच माझी खरी तक्रार आहे.

१९६३ साली महाराष्ट्रानं एक अजब कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच वगळायचा, त्याजागी 'स्कार्सिटी' घालायचं. कारण असं दिलं होतं की सरकार शेतीच्या परिस्थितीवर सतत लक्ष ठेवून असतं, टंचाईची चिन्हं दिसताच मदत सुरू होते, त्यामुळं आता फॅमिनला वावच नाही. नऊ वर्षांनी १९७२ आलं. कागदावर ती टंचाई होती. गावात आजही कुणी 'बहात्तरची टंचाई' म्हणत नाही, बहात्तरचा दुष्काळच म्हणतात.

संशोधनाला बसणाऱ्यांनी यातली एक गोष्ट आजच वहीत टिपून ठेवावी. १९६३ नंतरचे सरकारी कागद शोधताना तुमचा कीवर्ड फक्त 'ड्राऊट' किंवा 'दुष्काळ' असेल तर बरंच साहित्य हाती लागणारच नाही. ते 'टंचाई' नावाखाली पडलेलं आहे. त्यात केंद्राच्या १९७३-७४ च्या ड्राऊट प्रोन एरिया प्रोग्रामचं मराठी नाव 'अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रम'. म्हणजे ड्राऊटचं एका फाइलीत अवर्षण, दुसरीत टंचाई, वर्तमानपत्रात दुष्काळ. साहित्य सापडलं नाही म्हणून 'या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही' असं लिहून मोकळं होणारे प्रबंध थोडे नाहीत.

'सदृश' हा तर कमालीचा शब्द. २०१५ च्या खरिपानंतर ज्या गावांची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली, त्यांच्याबद्दल सरकारनं 'दुष्काळसदृश परिस्थिती' असं म्हटलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तरी कागदावर अजून दुष्काळ नव्हता, दुष्काळासारखं काहीतरी होतं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि मे २०१६ मध्ये राज्य सरकारनं २९ हजारांहून जास्त गावांसाठी 'दुष्काळसदृश' ऐवजी 'दुष्काळ' हा शब्द मान्य केला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं स्वराज अभियानच्या खटल्यात केंद्राला दुष्काळ व्यवस्थापनाची नियमावली सुधारायला सांगितलं. डिसेंबरात नवी नियमावली आली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला हवामान विभागानं मात्र आपल्या भाषेतून 'ड्राऊट' काढून 'डेफिशियंट इयर' म्हणायचं ठरवलं होतं. एक खातं शब्द सोडत होतं, दुसऱ्याला कोर्ट तो घ्यायला लावत होतं.

एका शब्दानं काय फरक पडतो, असं वाटत असेल तर दुष्काळ जाहीर करणारा कुठलाही शासन निर्णय काढून सवलतींची यादी वाचा. जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सूट, आणि विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ. हे शेवटचं तुमच्यापैकी अनेकांनी घेतलेलं असणार. २०२३ मध्ये राज्यातले ४० तालुके 'दुष्काळी' ठरले, लातूर जिल्ह्यातला रेणापूर त्यात होता. नंतर हजाराहून जास्त महसूल मंडळं पुन्हा 'दुष्काळसदृश' म्हणून जाहीर झाली. न्यायालयात एकदा मागं घ्यावा लागलेला शब्द सात वर्षांनी तसाच परत आला.

आता उलट्या बाजूनं बघा. ड्राऊट म्हणजे दुष्काळ हे अपुरं आहे. तसंच दुष्काळ म्हणजे ड्राऊट हे तर त्याहून अपुरं आहे. दुस् अधिक काळ, म्हणजे वाईट काळ. या शब्दात पाऊस नाही, पाणी नाही, कोरडेपणाही नाही. जुन्या संस्कृतातला 'दुर्भिक्ष' तर भिक्षा मिळणं कठीण झालं एवढंच सांगतो. म्हणून मराठीत 'कोरडा दुष्काळ' आणि 'ओला दुष्काळ' हे दोन्ही सरळ, नीट शब्द आहेत. ओला दुष्काळ हा अलंकार नाही. पीक हातचं गेलं, मग ते करपून गेलं काय आणि सडून गेलं काय. 'ओला ड्राऊट' मात्र इंग्रजीत होऊच शकत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातल्या गावांत पुराचं पाणी शिरलं. सप्टेंबरात लातूर-नांदेडसह मराठवाडाभर शेतं पाण्याखाली गेली, सोयाबीनला उभ्या पिकात कोंब फुटले, कुठं मातीच खरवडून गेली. 'ओला दुष्काळ जाहीर करा' ही मागणी उठली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं की नियमावलीत अशी संज्ञा नाही, पण दुष्काळाच्या सवलती लागू करू. उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. नियमावली इंग्रजीत विचार करते, तिचा शब्द ड्राऊट आहे, त्यात ओलं बसणार कसं? मला खटकतं ते असं की भाषांतरासाठी आपण एक ऐसपैस मराठी शब्द घेतला, त्याला इंग्रजी शब्दाएवढा कापला, आणि मग उरलेला अर्थ मागणाऱ्याला 'अशी संज्ञाच नाही' म्हणून सांगितलं.

पण मागणी करणाऱ्यांनाही सोडू नये. किती पाऊस झाला, किती दिवस, किती नुकसान म्हणजे ओला दुष्काळ? मोर्चात हे कुणी विचारत नाही, संशोधकानं विचारायचं असतं. मराठीला हे जमत नाही असंही नाही. 'अतिवृष्टी' म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, हे ठरलेलं आहे. २०२३ मध्ये 'सततचा पाऊस' हा चक्क ओसरीवरच्या बोलण्यातला शब्द सरकारनं नैसर्गिक आपत्ती म्हणून स्वीकारला आणि त्याला सलग पाच दिवस, रोज किमान दहा मिलिमीटर असं माप दिलं. पीकविम्यात पावसाच्या 'खंडा'ला एकवीस दिवसांचं माप होतंच. हे शब्द समिती बसवून संस्कृतातून घडवलेले नाहीत, बोलण्यातून उचललेले आहेत आणि तरी तंतोतंत मोजता येतात. पारिभाषिक कोशातल्या कित्येक शब्दांपेक्षा मला ते सरस वाटतात.

आता प्रश्नावलीचं बघा. 'गेल्या पंधरा वर्षांत आपण किती दुष्काळ अनुभवले?' असा प्रश्न घेऊन तुम्ही औशाच्या किंवा कंधारच्या शेतकऱ्याकडं गेलात, तर तो २०१५ धरेल, २०१८ धरेल, आणि कदाचित २०२१ चा सप्टेंबर आणि २०२५ सुद्धा धरेल. त्याचं काही चुकलं नाही, तुम्ही दुष्काळ विचारलात, त्यानं दुष्काळ सांगितला. ते उत्तर इंग्रजी तक्त्यात ड्राऊटच्या रकान्यात गेलं की अतिवृष्टीची वर्षं कोरडी म्हणून नोंदली जातील, आणि गाईडनं पर्जन्यमानाशी ताडून बघितलं की दोष शेतकऱ्याच्या स्मरणशक्तीला लागेल. त्यापेक्षा प्रश्न तोडा. पाऊस किती दिवस नव्हता, पेरणी दुबार करावी लागली का, बोअर कोणत्या महिन्यात आटला, पीक करपलं की सडलं, आणि तलाठ्याच्या कागदावर त्या वर्षाला कोणता शब्द होता. शेवटच्या प्रश्नासाठी शेतकऱ्याला त्रास देऊ नका, त्यासाठी तहसीलमध्ये जावं लागेल.